जुन्या गाडीचा मागचा उजेड

प्रीमियर पद्मिनीचा जीव ताशी ६० किलोमीटरच्या आसपास रमतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना १००ची मुभा आहे, समृद्धी महामार्गावर १२०ची. रात्री समृद्धीवर पद्मिनी नेलीच, तर मागून येणारी गाडी दर सेकंदाला साधारण १७ मीटरने जवळ येत असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार गाडीचा मागचा तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसायला हवा. तो तसा दिसला तर मागच्या ड्रायव्हरच्या हाती नऊ सेकंद असतात. गंजलेल्या होल्डरात मिणमिणणारा दिवा ६० मीटरवर आल्यावरच नजरेत भरला, तर जेमतेम साडेतीन.

त्यामुळे जुन्या गाडीचे टेल लाइट उजळ करावेत का, यावर वाद नाही. वाद आहे तो कसे करावेत यावर, आणि त्यात मतांचा सुकाळ आहे. कोणी मोठ्या वॅटचा बल्ब सुचवतो, कोणी एलईडी, कोणी रिले, कोणी मागच्या काचेत तिसरा ब्रेक लाइट. कोणी म्हणतो, ओरिजिनल आहे ते राहू द्या, रात्री गाडी काढूच नका. माझे मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक जुन्या गाड्यांत कारखान्याने दिलेला उजेडच वाटेत कुठेतरी गळालेला असतो आणि तो परत मिळवण्याआधी नवे काही बसवणे म्हणजे दुखणे झाकणे.

आधी मुळात उजेड किती होता ते पाहू. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४मध्ये फियाट ११०० डिलाइट बाहेर पडली, १९७४पासून तीच पद्मिनी म्हणून ओळखली गेली आणि २०००च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मधल्या काळात बरेच काही बदलले, पण गाडीची मूळ घडण १९५०च्या दशकातल्या युरोपची राहिली. त्या काळी सगळ्यांचेच दिवे मंद होते आणि सगळेच हळू चालत होते, म्हणून ते पुरे पडत.

त्या पिढीच्या असंख्य गाड्यांत मागे एकाच काचेआड दोन फिलामेंटचा, म्हणजे गॅरेजच्या भाषेत डबल काँटॅक्टचा बल्ब असतो. एक फिलामेंट ५ वॅटचे, पार्किंगबरोबर लागणारे. दुसरे २१ वॅटचे, ब्रेकचे. १३.५ व्होल्ट मिळाले तर पहिले सुमारे ३५ लुमेन देते, दुसरे सुमारे ४४०. तांबडी काच यातला बराचसा उजेड गिळून टाकते. युरोपीय नियमांत टेल लाइटची किमान अपेक्षा ४ कँडेला आहे, ब्रेक लाइटची ६०. म्हणजे टेल लाइट फार प्रखर असावा असे मुळात कोणाच्या मनातच नव्हते. त्याचे काम ‘मी इथे आहे’ एवढे सांगण्याचे. ‘मी थांबतोय’ हे ब्रेक लाइटने सांगायचे, आणि दोहोंतला फरक मागच्याला एका नजरेत कळला पाहिजे. हा फरक पुढे वारंवार आडवा येणार आहे, कारण उजेड वाढवण्याच्या नादात सर्वांत आधी बळी जातो तो त्याचाच.

आता गळतीकडे वळू. फिलामेंट बल्बचा स्वभाव असा की व्होल्टेज थोडे घटले तरी उजेड भसकन उतरतो; तो व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो. १३.५ऐवजी १२ व्होल्ट पोचले तर उजेड दोन तृतीयांश उरतो. १०.८ पोचले, म्हणजे फक्त पाचवा हिस्सा गळाला, तर उजेड निम्म्याहून खाली येतो. चाळीस-पन्नास वर्षांच्या वायरिंगमध्ये पाचवा हिस्सा गळणे ही काही अतिशयोक्ती नव्हे. फ्यूज बॉक्सच्या काळ्या पडलेल्या पट्ट्या, झिजलेला लाइट स्विच, डिकीच्या बिजागरीपाशी दुमडून दुमडून तुटत आलेली तार, कोणीतरी पूर्वी पिळून चिकटपट्टी गुंडाळलेले जोड, असे प्रत्येक जण आपापला वाटा काढून घेतो.

सर्वांत मोठा वाटेकरी मात्र अर्थिंग. जुन्या गाड्यांत बल्बपर्यंत फक्त वीज आणणाऱ्या तारा येतात आणि परतीचा रस्ता म्हणजे दिव्याचे पत्र्याचे घर, ते धरणारा स्क्रू आणि बॉडी. दिव्याखाली रबराचे गॅस्केट असते, गाडी एकदोनदा रंगवलेली असते, पावसाचे पाणी तिथेच मुरते. रंग आणि गंज दोन्ही वीज अडवतात. मग वीज दुसरा रस्ता शोधते आणि गंमती घडतात: ब्रेक दाबला की पार्किंगचे फिलामेंट विझते, इंडिकेटर लावला की टेल लाइटही त्याच्याबरोबर लुकलुकतो. असली लक्षणे दिसली की नव्या बल्बची चौकशी थांबवावी आणि स्क्रू खोलावा.

तपासणी अवघड नाही, मल्टिमीटर मात्र हवा. दिवे चालू ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरे बल्बच्या मागच्या काँटॅक्टवर धरले की येण्याच्या वाटेवरची गळती कळते. मग एक टोक होल्डरच्या पत्र्यावर आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हवर धरले की परतीच्या वाटेवरची. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंगला दोष देऊ नये. होल्डरला एक वेगळी तार झाळून ती डिकीत, खरवडून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर नटबोल्टने आवळली, तर परतीचा प्रश्न कायमचा मिटतो. सगळ्या उपायांत हा सर्वांत स्वस्त. दुकानदाराला यात विकण्यासारखे काही नसते, म्हणून कदाचित याची जाहिरात कोणी करत नाही.

होल्डरच्या आतही एकदा बघावे. तळाचे पितळी टोक हिरवे पडलेले असते, स्प्रिंग मेलेली असते. बारीक पॉलिश पेपरने घासून ते उजळते. स्प्रिंग गेली असेल तर होल्डरच बदलावा. कुर्ल्याच्या बाजारात, चोर बाजारात, पुण्याच्या नाना पेठेत बसेल असा होल्डर धुंडाळायला तयार असाल तर पूर्ण दिवा बदलावा लागत नाही.

इथेच रिलेचा मुद्दा येतो. हेडलाइटसाठी रिले बसवल्यावर जो लख्ख फरक पडतो तो पाहून लोक मागेही तसेच करायला निघतात. पण हेडलाइटच्या दोन बल्बना नऊ-दहा अँपिअर लागतात. मागच्या दोन टेल लाइटना एक अँपिअरही लागत नाही आणि ब्रेकच्या दोन बल्बना साडेतीन. गळती विजेच्या ओघाबरोबर वाढते, त्यामुळे टेल लाइटसाठी रिले हा उगाच खर्च. ब्रेक लाइटसाठी थोडा अर्थ आहे. त्या काळच्या अनेक गाड्यांत ब्रेकचा स्विच ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो; त्याचे काँटॅक्ट लवकर जळतात आणि दाब चढल्यावरच तो लागत असल्याने दिवा उशिरा पेटतो. रिलेने काँटॅक्टचे आयुष्य वाढते, उशीर मात्र तसाच राहतो. त्यासाठी पेडलजवळ यांत्रिक स्विच बसवणे हा खरा इलाज.

डायनामोवाल्या गाड्यांची कथा आणखी वेगळी. डायनामो मंद फेऱ्यांवर काही देत नाही. दादरला सिग्नलवर गाडी उभी असली की हेडलाइट, वायपर, ब्रेक लाइट असे सगळे ओझे बॅटरीवर पडते आणि मागचे दिवे डोळ्यांदेखत पिवळे होतात. अल्टरनेटर बसवला तर हे दुखणे जाते, पण तो मोठा बदल आहे आणि केवळ टेल लाइटसाठी कोणी करू नये. कटआउट नीट लावलेला आहे ना, पट्टा सैल नाही ना, हे आधी बघावे.

वीज पोचली तरी उजेड बाहेर पडायला हवा. दिव्याच्या घराच्या आतल्या भागावर कधीकाळी चांदीसारखी चकाकी किंवा पांढरा रंग असतो. तो धूर, धूळ आणि गंज यांनी तपकिरी होतो. इथे एक गैरसमज पक्का रुतलेला आहे: आतून चंदेरी रंग मारला की आरसा होतो. होत नाही. डब्यातला चंदेरी रंग राखाडीच दिसतो, आणि दिव्याचे घर साधे खोलगट असेल तर झकास चमकदार पांढरा रंग त्याहून जास्त उजेड परत फेकतो. घर खरोखर आरशाच्या आकाराचे घडवलेले असेल तर मात्र पांढरा रंग चालत नाही, त्याला पुन्हा चकाकी चढवूनच घ्यावी लागते. अॅल्युमिनियमचा कागद चिकटवण्याचा जुगाडही पाहायला मिळतो. सुरकुत्यांमुळे उजेड भलत्याच दिशांना फुटतो आणि कागद सुटून काँटॅक्टला लागला तर फ्यूज उडतो.

काचेचेही तसेच. तिला काच म्हणतात, असते ते बहुधा अॅक्रिलिक. कोमट साबणाच्या पाण्याने आतून-बाहेरून धुतली तरी कितीतरी फरक पडतो. वरचा धूसर थर २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावत घासून मग रबिंग कंपाउंडने उजळता येतो. पेट्रोल, थिनर किंवा स्पिरिट मात्र लावू नये. अॅक्रिलिकमध्ये केसासारख्या भेगांचे जाळे उमटते आणि ते पुन्हा जात नाही. उन्हाने गुलाबी पडलेल्या काचेवर इलाज नाही, ती बदलायचीच. बाजारात नव्या नकली काचा मिळतात. त्यांतल्या काहींचा तांबडा इतका गडद असतो की जुनी फिकट काच बरी वाटावी. घेताना उजेडासमोर धरून जुन्या चांगल्या काचेशी ताडून पाहावे.

मोठ्या वॅटच्या बल्बबद्दल थोडक्यात. एकाच फिलामेंटच्या बल्बांत ५ वॅटच्या जागी १० वॅटचा बल्ब कागदावर ५०ऐवजी १२५ लुमेन देतो आणि मोह होतो. पण दिव्याचे घर तेवढ्या उष्णतेसाठी केलेले नसते. टेल लाइट तासन्‌तास चालू असतो, प्लास्टिक मऊ पडते, होल्डर भाजतो, आणि जास्त ओघामुळे जुन्या तारेतली गळती वाढून मिळालेल्यातला काही हिस्सा पुन्हा जातो. ५ वॅटच्या घरात थेट २१ वॅटचा बल्ब रात्रभर जाळायचा, तर काच वितळलीच म्हणून समजा.

आता एलईडी, म्हणजे सध्याच्या वादाचे केंद्र. त्याच्या बाजूने भक्कम मुद्दे आहेत. वीज फार थोडी लागते, त्यामुळे दमलेल्या डायनामोला आणि जुन्या स्विचला दिलासा मिळतो. उष्णता कमी, म्हणून काच वाचते. आणि वेळेचा मुद्दा तर मला सर्वांत मोलाचा वाटतो: ब्रेकचे फिलामेंट तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो, एलईडी तत्क्षणी पेटतो. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्यात साडेपाच मीटर पुढे येते. साडेपाच मीटर म्हणजे पद्मिनीच्या लांबीहून अधिक.

पण दुकानात ‘सगळ्यात ब्राइट’ म्हणून जो पांढरा एलईडी हातात ठेवतात, तो तांबड्या काचेआड बहुधा निराशा करतो. पांढरा एलईडी मुळात निळा असतो आणि त्यावरच्या पिवळट लेपामुळे पांढरा भासतो. त्याच्या उजेडात तांबडा हिस्सा थोडाच असतो. तांबडी काच बाकीचे सगळे अडवते आणि उरतो तो फिका, गुलाबीकडे झुकणारा रंग. फिलामेंटचे उलट असते, त्याचा उजेड तांबड्याने भरलेला असतो. म्हणून तांबड्या काचेआड तांबडाच एलईडी घालावा, पिवळ्या इंडिकेटरआड पिवळा. पांढरा फक्त नंबर प्लेटसाठी. टेल लाइटच्याच दिव्यातून खालच्या पारदर्शक खिडकीतून नंबर प्लेटवर उजेड पडत असेल, तर मात्र तांबडा एलईडी घातल्यावर प्लेट तांबडी दिसते. अशा गाडीत चांगला फिलामेंट बल्ब ठेवलेलाच बरा.

दुसरी अडचण दिशेची. फिलामेंट सगळीकडे उजेड टाकते आणि दिव्याचे घर तो गोळा करून मागे पाठवते. अनेक एलईडी बल्बांचा सगळा भर टोकावर असतो, त्यामुळे काचेच्या मधोमध एक झगझगीत ठिपका आणि भोवती अंधार. सरळ मागे उभे राहिले तर डोळे दिपतात, दोन पावले बाजूला सरकले की काहीच नाही. बल्ब होल्डरात आडवा बसत असेल, तर टोकाचे दिवे घराच्या भिंतीवरच उजेड टाकत बसतात. तिथे चारी बाजूंनी दिवे असलेला बल्ब घ्यावा लागतो. म्हणून लुमेनचे आकडे वाचून खरेदी करण्याला अर्थ नाही; बल्बचा आकार आणि दिव्याचे घर यांचे जुळले पाहिजे.

तिसरी अडचण तीच, टेल आणि ब्रेक यांच्यातल्या फरकाची. एकाच दिव्यात दोन्ही असतील तर ब्रेक निदान पाचपट उजळ असावा, असे नियम सांगतात. चांगल्या फिलामेंट बल्बमध्ये हा फरक बारापट असतो. स्वस्त एलईडीत टेललाच इतके उजळ करून ठेवतात की ब्रेक दाबल्याचे मागून कळतच नाही. मालक खूश असतो, कारण रात्री घरासमोर उभी केलेली गाडी छान तांबडी दिसते. मागच्या ड्रायव्हरच्या दृष्टीने ती गाडी आधीपेक्षा धोक्याची झालेली असते. माझ्या मते एलईडीबद्दलच्या चर्चेत हा मुद्दा सर्वांत वर हवा, आणि नेमका तोच कोणी काढत नाही.

मग किरकोळ वाटणाऱ्या, पण गॅरेजमध्ये दिवस घालवणाऱ्या गोष्टी. इंडिकेटरचा जुना फ्लॅशर बल्बच्या विजेने तापूनच उघडझाप करतो. एलईडीला तेवढी वीज लागत नसल्याने तो ठप्प होतो किंवा भलताच वेग धरतो. काही जण यावर रेझिस्टर जोडतात. ६ ओहमचा रेझिस्टर २४ वॅटहून अधिक उष्णता ओकतो, म्हणजे वाचवलेली वीज डिकीच्या पत्र्याला तापवण्यात घालवायची. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घेणे शहाणपणाचे. डॅशबोर्डवर दोन्ही इंडिकेटरना मिळून एकच खुणेचा दिवा असेल आणि तो दोन बाजूंच्या तारांमध्ये जोडलेला असेल, तर एलईडी लावल्यावर कोणताही इंडिकेटर द्या, चारही दिवे एकदम लुकलुकतात. त्या दिव्याची जोडणी दोन डायोड घालून बदलावी लागते. आणि विलायती जुनी गाडी असेल तर आधी बॅटरी बघा: १९६०च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते. तिथे नेहमीचा एलईडी पेटणारच नाही, काही तर जळून जातील. ६ व्होल्टच्या जुन्या बीटलसारख्या गाड्यांना वेगळे बल्ब मागवावे लागतात. मात्र तिथे गळतीचा फटका जास्त बसत असल्याने वायरिंगच्या दुरुस्तीचे फळही जास्त मिळते.

उजेडाच्या मागे न लागता दिव्याची जागा बदलणे, हाही एक उपाय, आणि त्याचा इतिहास टॅक्सींपासून सुरू होतो. जॉन व्होएव्होड्स्की या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोत तीनशेहून अधिक टॅक्सींच्या मागे वेग कमी होताच लुकलुकणारा एक जादा दिवा बसवला. १९७४मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार या टॅक्सींना मागून बसणाऱ्या धडका सुमारे ६० टक्क्यांनी घटल्या. पुढे अमेरिकेने १ सप्टेंबर १९८५पासून बनणाऱ्या मोटारींना मागच्या काचेच्या उंचीवरचा तिसरा ब्रेक लाइट सक्तीचा केला. मग नव्याची नवलाई ओसरली. सगळ्याच गाड्यांना तो दिवा आल्यावर, १९९८च्या सरकारी पाहणीत कायमचा फायदा ४.३ टक्क्यांवर स्थिरावलेला दिसला.

४.३ टक्के कमी वाटतात, पण जुन्या गाडीच्या बाबतीत मी तिसऱ्या दिव्याच्या बाजूने आहे. पद्मिनीचे किंवा अॅम्बॅसेडरचे मागचे दिवे आजच्या उंच गाड्यांच्या बॉनेटच्या खाली राहतात, आणि गर्दीत दोन गाड्या मागे असलेल्याला ते दिसतच नाहीत. मागच्या काचेच्या आतून, शेल्फवर बसणारी तांबड्या एलईडीची बारीक पट्टी ब्रेकच्या तारेला जोडली की पत्र्याला भोक पाडावे लागत नाही, मूळ दिव्यांना हात लागत नाही आणि रॅलीच्या दिवशी ती काढूनही ठेवता येते. टेल-ब्रेकच्या फरकाचा प्रश्नही इथे उद्भवत नाही, कारण ती फक्त ब्रेकलाच पेटते. लुकलुकणारी पट्टी मात्र नको.

ओरिजिनलचा आग्रह धरणाऱ्यांना याचीही धास्ती वाटते, आणि २०२१च्या व्हिंटेज वाहन नियमांनंतर तिला कागदोपत्री आधार मिळाल्याचे ते सांगतात. त्या नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. बल्ब किंवा काढता येणारी पट्टी यात बसत नाही. दिव्याचे घरच कापून त्यात आधुनिक गाडीचा एलईडी संच बसवणाऱ्यांची गोष्ट निराळी. तसे काम पाहिले की वाईट वाटते. गाडीचा चेहरा जातो, आणि तो संच बंद पडला की बाजारात त्याचा जोड मिळत नाही.

एक गोष्ट विजेच्या या सगळ्या हिशोबाबाहेरची आहे. गाडी बंद पडून रस्त्याकडेला उभी असते आणि बॅटरी मेलेली असते, तेव्हा मागच्याला फक्त रिफ्लेक्टर दिसतो. जुन्या दिव्यांतला किंवा बंपरजवळचा तांबडा रिफ्लेक्टर आतून पाणी शिरून आंधळा झालेला असतो आणि तो चालू-बंद होत नसल्याने कोणी तपासत नाही. रात्री वीस-पंचवीस पावलांवर उभे राहून, टॉर्च डोळ्यांच्या उंचीवर धरून त्यावर झोत टाकावा. दोन्ही बाजूंनी सारखा तांबडा परत आला नाही तर रिफ्लेक्टर बदलावा, आणि तोवर बंपरच्या दोन्ही टोकांना तांबड्या परावर्ती पट्टीचा हातभर तुकडा लावून ठेवावा.